किती लांबचं दिसतं?

दुर्बीण गळ्यात अडकवून सांगलीत कृष्णेच्या घाटावर उभं राहिलं की फिरायला आलेलं कुणीतरी जवळ येतंच आणि प्रश्न ठरलेला, "किती लांबचं दिसतंय वो यातनं?" आता लांबचं म्हणाल तर चंद्रपण दिसतो की नुसत्या डोळ्यांनी, ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरचा. पण असं बोललं की माणूस नाराज होतो, म्हणून मी आपलं "पलीकडचा काठ दिसतोय काका" म्हणून मोकळा होतो.

दुर्बिणीवर '८ बाय ४२' असं काहीतरी छापलेलं असतं, त्यातला पहिला आकडा खरं तर लांबचा नसतोच. ८ म्हणजे ४० मीटरवरचा पक्षी ५ मीटरवर बसल्यासारखा दिसणार, बास. मग १० का नको, १२ का नको? दुकानात सगळे तिकडंच ढकलतात. पण पक्षी मोठा दिसतो तशी हाताची थरथरपण मोठी होते, आणि दिसणारा गोल सहसा लहान होत जातो, त्यामुळं बाभळीत वटवट्यासारखा चिमुकला पक्षी शोधायला जावं तर नुसती पानंच पानं, तोवर साहेब पसार. जत्रेतल्या दुर्बिणीवर ३० बाय ६० छापलेलं असतं, त्याबद्दल तर बोलायलाच नको.

दुसरा आकडा पुढच्या काचेच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये, आणि खरी गंमत या दोघांच्या भागाकारात आहे. १० बाय २५ खिशात मावते, दिसायला गोंडस, पण २५ भागिले १० म्हणजे उजेडाचा अडीच मिलिमीटरचा ठिपका डोळ्यात येणार. भर उन्हात चालून जातं कारण आपली बाहुलीच तेव्हा बारीक झालेली असते, पण डिसेंबरात सकाळी साडेसहाला नदीवर धुकं असताना तीच बाहुली मोठी होते आणि या छोटीतून सगळं काळपट. ८ बाय ४२ ला सव्वापाचचा ठिपका, उजेड झकास, पण वजन ६००-७०० ग्रॅम, दोन तासांत मान बोलायला लागते. मधली ८ बाय ३२, ठिपका ४ चा, वजन पाचशेच्या आसपास. दहा-पंधरा हजारांत मला तरी हाच सौदा पटला.

परवा आयर्विन पुलाजवळ कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबलेला, चोच खाली. यांच्यात नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीला एकच आणि तोही बहुतेकदा मधे तुटलेला. हे सगळं बघायला मिळतात काही सेकंद, मग दगडासारखा खाली. तेवढ्यात तो गोलात सापडायला पाहिजे, फोकसचं चाक बोटाबरोबर फिरायला पाहिजे, हात स्थिर पाहिजे. एकच पट्टा होता, तुटका. मादी!

चष्मेवाल्यांनी आय रिलीफ, म्हणजे डोळा मागच्या काचेपासून जितका लांब ठेवून अख्खा गोल दिसतो ते अंतर, १५-१६ मिलिमीटर तरी आहे का बघा, नाहीतर गोलाच्या कडा गायब. आणि दुकानात भिंतीकडं बघून दुर्बीण घेऊ नका राव, दारात या, समोरच्या दुकानाची पाटी वाचा, कडेची अक्षरं फाटतायत का बघा. त्याआधी उजव्या डोळ्याचं डायॉप्टर, म्हणजे त्या एका बाजूचा फोकस वेगळा जुळवायचं चाक, आपल्या नजरेला जुळवून घ्या, नाहीतर चांगल्या दुर्बिणीला उगाच नावं ठेवून घरी जाल. सोबत येणारा बारीक पट्टा मात्र मानेला काचतो, तो मी पहिल्याच आठवड्यात काढून रुंद पट्टा लावला.