काठाची वाट आणि काळी माती

२८ मे, सकाळी पावणेसहा. रोहिणी लागून तीन दिवस झाले, पावसाचा पत्ता नाही. साडेसातपर्यंतच चालायचं, नंतर ऊन अंगावर येतं.

सीना शहराला पश्चिमेकडून वळसा घालून पुढे कुडलला भीमेला मिळते, त्यामुळे सोलापुरात काठाने फिरायचं तर तळंच गाठावं लागतं. संभाजी तलावाला जुने लोक अजून कंबर तलावच म्हणतात. पण नदी असो की तळं, आपल्याकडे वाट टिकते की नाही हे काळी माती ठरवते. उन्हाळ्यात ती आकसते, पावसात फुगते. फरसबंदीच्या मधोमध मातीत ओल टिकून राहते, कडेची माती मात्र आधी वाळते. म्हणून भेग नेहमी कडेनेच, वाटेला समांतर पडते. मेअखेरीस तिच्यात बोट सहज जातं. पहिल्या पावसाचं पाणी त्याच भेगेतून खाली उतरतं आणि कडेचे ब्लॉक तिरपे होतात.

इलाज महागडा नाही, कंटाळवाणा आहे. काळी माती निदान दीड-दोन फूट उपसायची. त्या जागी पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरांनी मुरूम भरायचा, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवायचा. मुरूम कडेच्या दगडाबाहेरही हात-दीड हात न्यायचा; हेच नेमकं वाचवलं जातं. त्यावर खडीचा थर, मग तीन सेंटिमीटर कच (दगडाचा बारीक चुरा), वर साठ मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक. खालची पातळी चुकली की ती कच जाड टाकून झाकतात. मग तो कच दबतो आणि वर्षभरात खड्डा पडतो. उताराचा हिशेब मीटरला दोन सेंटिमीटर, पाण्याच्या बाजूला.

सायकलवाल्यांची डोकेदुखी वेगळी: सराटे. वाट झाडली नाही तर टायर भरून येतो. काटा दिसला की लगेच उपटू नये, हवा तिथेच जाते. घरी येऊन काढावा. ट्यूबला पॅच मारण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवावं. जिथे धागा अडकेल तिथे मोडकं टोक असतं. ते राहिलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पंक्चर, आणि शिव्या मात्र पॅचला.

ढग दक्षिणेला आहेत. आज भेगा मोजून ठेवायच्या: कडेला खडूची खूण, शेजारी रुंदी. पाऊस झाल्यावर त्याच खुणांवर पुन्हा.