अहो, अरे आणि अंदमान

रविवार, रात्री

भाऊबीज झाली, नणंद तिच्या घरी गेली, मुलगा बेंगळुरूला परत गेला, फराळाच्या डब्यात आता चकलीचा चुरा आणि कुणालाच नको असलेले शंकरपाळे उरलेत. घर एकदम गप्प झालंय. आज जेवताना नवऱ्याने सहज विचारलं, फेब्रुवारीत पंचवीस वर्षं होतील, काय करायचं? मी म्हणलं कुठेतरी जाऊ, दोघंच. हे "दोघंच" जरा हळू म्हणलं, कारण आई (म्हणजे सासूबाई) हॉलमध्ये सिरीयल बघत होत्या आणि त्यांचे कान ७९ व्या वर्षीही माझ्यापेक्षा तिखट आहेत.

खरं सांगायचं तर दोघंच असे आम्ही कधी कुठे गेलोच नाही. लग्नानंतर लगेच कोल्हापूर, जोतिबा, गणपतीपुळे केलं पण त्यात सासू सासरे, नणंद, तिचा दोन वर्षांचा मुलगा, सगळे एका सुमोत. गणपतीपुळ्याच्या फोटोत मी हिरव्या चुड्यात आहे आणि कडेवर भाचा. नवरा फोटो काढत होता म्हणून तो फोटोत नाहीच. मग पोराच्या सुट्ट्या, सासऱ्यांचं आजारपण, कुणाची लग्नं, असं करता करता वर्षं गेली. तक्रार नाही हां, मजा आली, फक्त दोघंच हा प्रकार राहिला.

अजून एक गंमत आहे. मी नवऱ्याला आईंसमोर "अहो" म्हणते आणि स्वैपाकघराचं दार लोटलं की "अरे". पंचवीस वर्षं. आठवडाभर सलग "अरे" म्हणायला मिळालं तर कसं वाटेल याचाच विचार करत भांडी घासली आज.

मंगळवार

ठिकाण ठरलं. मालदीवच्या पाण्यावरच्या खोलीचं एका रात्रीचं भाडं बघून तो टॅब लगेच बंद केला, बालीला पासपोर्ट लागतो आणि आमचे दोघांचेही कधीच संपलेत. अंदमानला आधार कार्डावर जाता येतं, समुद्र तोच निळा, शिवाय वरणभात मिळतो. जाऊबाई म्हणाल्या ग्रुप टूरने जा, सोबत सगळी मराठी माणसं, टूर मॅनेजर, नाश्त्याला पोहे, संध्याकाळी हाऊजी. मला कळतं ते सोयीचं असतं, आणि आईबाबांना घेऊन जायचं असतं तर मी तेच केलं असतं. पण चाळीस माणसांबरोबर जायचं तर मग सुमोतले ते सहा जण काय वाईट होते.

नवऱ्याने अर्थात एक्सेल उघडलं. तारीख, वार, उठायची वेळ, बोट, हॉटेल, खर्च, पर्यायी खर्च. मी नावांची यादी करायला बसले तर मला सात बेटं मिळाली आणि काही केल्या दिवस पुरेनात. मग कळलं की हॅवलॉक म्हणजेच स्वराज द्वीप, नील म्हणजेच शहीद द्वीप आणि रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, २०१८ मध्ये नावं बदललीत. मी नीलला एक रात्र आणि शहीद द्वीपला दोन रात्री ठेवल्या होत्या, म्हणजे एकाच बेटावरून उठून त्याच बेटावर जायचं. पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालंय पण ट्रॅव्हलवाले, हॉटेलवाले सगळे अजून जुनंच म्हणतात, त्यामुळे दोन्ही नावं डोक्यात ठेवावी लागतात.

दुसरा घोळ सूर्याचा. अंदमान इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे फेब्रुवारीत तिथे साडेपाचच्या आसपास सूर्य बुडतो, नाशकापेक्षा तासभर आधी. नवऱ्याच्या एक्सेलमध्ये राधानगर बीचवरचा सूर्यास्त संध्याकाळी सहा चाळीसला होता. म्हणजे आम्ही काळोखात वाळूवर पोचून एकमेकांना टॉर्च दाखवली असती. उलट सकाळी सहाच्या आधीच उजाडतं म्हणून त्याने काळापत्थरचा सूर्योदय घुसवला, त्यासाठी पावणेपाचचा अलार्म. मी म्हणलं, अरे मी पंचवीस वर्षं डब्यासाठी पाच वाजता उठतेय, तिथे कशाला. त्यावर म्हणे सूर्योदय पूर्वेच्या किनाऱ्यावरूनच दिसतो, राधानगर पश्चिमेला आहे, त्याला मी काय करू. भांडण नाही झालं पण भाजी जरा जोरात ढवळली मी.

एका ट्रॅव्हलवाल्याकडून पॅकेजही मागवलं होतं. त्याने न विचारता "हनिमून स्पेशल" पाठवलं, पलंगावर टॉवेलचे दोन हंस, गुलाबाच्या पाकळ्या, केक आणि समुद्रकिनारी कँडल लाईट डिनर. नवरा घरातल्या घरात फोनवर मोठ्याने वाचत होता, "फुलांची सजावट, एक रात्र", आणि समोर आई वाटाणे सोलत होत्या. आईंनी मान वर केली नाही पण वाटाणे सोलायचे थांबले.

गुरुवार

आज आईंना रीतसर सांगितलं. पहिलं वाक्य, "लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी काळ्या पाण्यावर? बाकी कुठे जागा नाही का?" आम्ही हसलो, त्याही हसल्या. मग तारखा विचारल्या. इथे खरी पंचाईत झाली कारण मी कुठेतरी वाचलं होतं की स्वराज द्वीपला चंद्र नसलेल्या रात्री पाणी हाताने ढवळलं की निळं चमकतं, त्यातले बारीक जीव उजळतात म्हणे. म्हणून मी नवीन कालनिर्णय काढून मुद्दाम अमावस्या शोधली होती. जगात सगळे अमावस्या टाळून मुहूर्त काढतात आणि आमची सून अमावस्या धरून प्रवास ठरवते, असं आई म्हणाल्या. शिवाय त्या आठवड्यात महाशिवरात्र येतेय, उपास आहे, तिथे साबुदाणा मिळेल का? मी म्हणलं भिजवलेला नाही मिळणार, इथून कोरडा नेते आणि दाण्याचं कूट पण. शेवटी तडजोड झाली, निघायचं अमावस्येच्या पाच दिवस आधी, विमानाने परतायचं अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, आणि अमावस्येला एका बेटावरून दुसऱ्यावर बोटीने जाणं हा प्रवास धरायचा नाही.

मग त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि एकदम भगूरचं बोलायला लागल्या. आईंचं माहेर भगूर. लहानपणी सावरकरांच्या वाड्यावरून शाळेत जायच्या. त्यांची आई त्यांना सावरकरांच्या घरातल्या बायकांबद्दल सांगायची, माई आणि येसूवहिनी. बाबाराव आणि तात्याराव (म्हणजे वि. दा. सावरकर, माईंचे मिस्टर) दोघे भाऊ अंदमानच्या त्या एकाच सेल्युलर जेलमध्ये पण बराच काळ भेट नाही. तात्याराव १९११ मध्ये तिथे गेले, माईंना नवऱ्याला भेटायला तिथे जायला मिळालं ते थेट १९१९ मध्ये. आणि बाबारावांच्या येसूवहिनींना ते पण नाही, त्याआधीच त्या गेल्या. "आठ वर्षं," आई म्हणाल्या, "आणि तुम्हाला विमानाने किती लागतात, चेन्नईहून दोन तास?" वर म्हणाल्या, "मला तात्यारावांची ती जेलमधली खोली एकदा बघायची होती."

एवढंच. "मला न्या" नाही म्हणाल्या. मी चहाचे कप उचलले आणि आत गेले. ऐकून न ऐकल्यासारखं केलं, लिहितेच खरं काय ते. कारण माझ्या डोक्यात पटकन गणित झालं की आई म्हणजे नणंद पण, नणंद म्हणजे तिचे मिस्टर, आणि परत सुमो. ओट्यापाशी उभी राहून मला स्वतःचाच राग आला, आणि राग आला म्हणून निर्णय बदलला असंही झालं नाही. रात्री नवऱ्याला विचारलं, न्यायचं का? तो बराच वेळ पंख्याकडे बघत होता. म्हणाला, तिचे गुडघे, जेलचे जिने, बोटीत चढउतार. सगळं खरं होतं. पण त्याने ज्या घाईने हे सगळं सांगितलं त्यावरून वाटलं की त्याच्याही डोक्यात तेच गणित झालंय.

शनिवार

आज हसून हसून पोट दुखलं त्यामुळे आधी हे लिहिते.

नवऱ्याने स्नॉर्कलिंगचा मास्क मागवला, तिथले भाड्याचे सगळ्यांनी तोंडात घातलेले असतात म्हणून. पार्सल आल्या आल्या ट्रायल. कपडे भिजवायच्या निळ्या टबात पाणी भरलं, बाथरूममध्ये गुडघ्यावर बसला, डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, बनियनवर, आणि डोकं टबात. मी दारात उभी राहून मोबाईलच्या स्टॉपवॉचवर वेळ लावत होते. पंधरा सेकंदांत मास्कमध्ये पाणी. परत घट्ट केला, परत पाणी. तिसऱ्यांदा त्याने श्वास घ्यायच्या ऐवजी सोडला की काय केलं माहीत नाही, नळीतून कारंजं उडालं आणि हा ठसका लागून लालबुंद. मी ओरडले, "अरे वेड्या, नाकाने नको घेऊस, तोंडाने घे!"

हॉलमध्ये टीव्हीचा आवाज बंद झाला.

आई काठी टेकत आल्या. ओल्या बनियनमधल्या मुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मिशीमुळे पाणी शिरतंय. मिशी काढ." आणि परत जाता जाता, "ते अरेचं मला पहिल्या वर्षीपासून माहितीय. दार लोटल्याने आवाज अडत नाही."

मी मिनिटभर तशीच उभी, हातात स्टॉपवॉच चालूच.

मिशीचं खरं निघालं, मिशीमुळे रबर नीट चिकटत नाही, लोक व्हॅसलीन लावतात म्हणे नाहीतर कडेने कातरतात. नवरा मिशी काढायला तयार नाही, कॉलेजपासूनची आहे. स्कुबाचं अजून लटकलंय, पोहता येत नसलं तरी चालतं, इन्स्ट्रक्टर धरून खाली नेतो, पण फॉर्ममध्ये बीपी विचारतात आणि याची बीपीची गोळी चालू आहे त्यामुळे डॉक्टरांचं पत्र आणावं लागणार. शिवाय डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचं नाही, मध्ये अठरा तास तरी सोडायचे, म्हणून ते स्वराज द्वीपला पोचल्यावर लगेचच ठेवलंय. मी पाण्यात कमरेपर्यंत जाणार, त्याच्या पुढे नाही, हे मी एक्सेलमध्ये स्वतःच्या हाताने टाईप केलंय. आणि जिथे मगरीचा बोर्ड असेल तिथे कमरेपर्यंत पण नाही.

सोमवार

बुक केलं. मुंबई चेन्नई पोर्ट ब्लेअर, दोन तिकिटं. शेवटची रात्र मुद्दाम पोर्ट ब्लेअरलाच ठेवली कारण हवा बिघडली तर बोट रद्द होते आणि बेटावर अडकलो तर विमान गेलं. बोट खाजगी घेतली, सरकारी स्वस्त आहे पण तिकिटाचं काही खरं नाही असं तीन जणांनी सांगितलं. बोट लागते मला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना सुद्धा लागली होती, म्हणून गोळ्या आणि आवळासुपारी. शिंपले, प्रवाळ काही उचलायचं नाही, बंदी आहे, विमानतळावर बॅग उघडून काढून घेतात, हे नवऱ्याला दोनदा सांगितलं कारण तो गोदाकाठचे पण दगड घरी आणतो.

मग घरची यादी लिहायला बसले. नणंद आठ दिवस येतेय. आईंच्या गोळ्या सकाळच्या संध्याकाळच्या वेगळ्या डब्यांत, गॅसचा नंबर लावणं, तुळशीला पाणी, कामवाल्या मावशींची सुट्टी, फिजिओवाला मंगळवार शुक्रवार, डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर. ती यादी दोन पानं झाली. अंदमानची एक पान पण भरली नव्हती.

आईंना तिकिटं दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही नावं वाचली. मी धीर करून म्हणलं, आई, पुढच्या वर्षी तुम्ही आणि ताई, ग्रुप टूरने जाल का, त्यात ते व्हीलचेअर वगैरे बघतात. म्हणाल्या, बघू. मग म्हणाल्या, तिथून तो व्हिडिओ कॉल लागतो का? लागतो म्हणलं, २०२० मध्ये चेन्नईपासून समुद्राखालून केबल टाकलीय. "मग त्या खोलीच्या दारातून लाव. घाई करू नकोस, मला आत नीट दाखव, भिंत दाखव." त्यांना खरंच नको होतं यायला की आमच्यासाठी नको म्हणाल्या ते मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

नवऱ्याने रात्री एक्सेल परत पाठवलं. चौथ्या दिवसाच्या ओळीत सूर्योदय, कयाक, एलिफंट बीच सगळं खोडून फक्त लिहिलंय, "काही नाही". उठायच्या वेळेच्या रकान्यात पण, "काही नाही". खर्चात पाचशे रुपये, शहाळी.

आत्ता दिवे बंद करायला स्वैपाकघरात गेले तर दारामागे नवीन कालनिर्णय टांगलेलं, मी नव्हतं टांगलं. फेब्रुवारीचं पान वर. बारा तारखेपासून अठरापर्यंत पेन्सिलची बारीक रेघ आणि आईंच्या थरथरत्या अक्षरात "मुलं अंदमानला". खाली दुधाच्या हिशोबाच्या जागेत, "अर्धा लिटर कमी".