शब्द हरवलेल्या चालीचा शोध

कोल्हापुरातील एका खासगी संग्रहातील ७८ फेऱ्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांची संगणकीय सूची तयार करण्याचे काम मी करते. एके सकाळी शाहूपुरीतून एक वृद्ध गृहस्थ आले आणि म्हणाले, “ताई, शब्द एकबी ध्यानात न्हाई, चाल तेवढी हाय. आमचं वडील ग्रामोफोनवर लावायचं.” नातवाच्या फोनवर त्यांनी गुणगुणून पाहिले होते, पण हाती अलीकडची चित्रपटगीतेच लागली होती.

आमच्या सूचीत प्रत्येक चालीचा चढउतार नोंदवलेला आहे. पुढचा सूर मागच्यापेक्षा वर, खाली की तोच, एवढेच त्यात असते. ‘सा रे ग ग रे’ची नोंद ‘वर, वर, तोच, खाली’ अशी होते. त्यामुळे गाणारा काळी एक या पट्टीत गातो की पांढरी पाचमध्ये, याने काही बिघडत नाही. १९९५ साली कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी १८३ गाण्यांवर ही पद्धत वापरली, तेव्हा सुरांचे असे दहा-बारा बदल नव्वद टक्के गाणी वेगळी ओळखण्यास पुरेसे ठरले होते.

काकांचा गळा सुरेल होता आणि अडचण नेमकी तिथेच होती. ते एका सुरावरून दुसऱ्यावर मींडेने, म्हणजे आवाज न तोडता घसरत, इतके सहज जात की पहिला सूर कोठे संपला हे संगणकाला कळेना. म्हणून मी त्यांना तीच ओळ ‘ता ता’ म्हणत गायला सांगितली. ‘त’ उच्चारताना आवाज क्षणभर तुटतो आणि सूर सुटे होतात. आता दहा-बारा गाणी समोर आली. मग दोन सुरांमधले अंतर किती, हेही जुळवून पाहिल्यावर दोनच उरली, एक नाट्यपद आणि एक भजन.

दोन्हींची चाल एकच होती. यात नवल नव्हते, कारण चाल उसनी घेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. कोल्हापूरचे संगीतकार गोविंदराव टेंबे यांनीही नाट्यपदांना ठुमऱ्यांच्या चाली दिल्या होत्या. संगणकाचे काम इथे संपले, असे माझे मत आहे. त्याने चाल शोधली होती, गाणे काकांनाच ओळखायचे होते.

नाट्यपद ते शांतपणे ऐकत राहिले. भजनात मात्र पहिल्या ओळीनंतर पेटीचा छोटा तुकडा वाजताच त्यांनी हात वर केला. “ह्योच! वडील हितं टाळी द्यायचं.” त्याच दुपारी मी दोन्ही तबकड्यांच्या नोंदी सूचीत ‘समान चाल’ म्हणून एकमेकींशी जोडल्या आणि पेटीच्या त्या तुकड्याचीही स्वतंत्र नोंद केली.