वाचाघाताच्या उपचारांत सुधारणा कशाला म्हणायचे?

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश रुग्णांना वाचाघात होतो. माणसे ओळखता येतात, घरात काय चालले आहे ते कळत असते, परंतु मनातला शब्द ओठांवर येत नाही, वाक्य जुळत नाही आणि काहींना समोरच्याचे बोलणेही पुरते उमगत नाही. वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ म्हणून अशा रुग्णांसोबत काम करताना घरच्यांकडून हमखास येणारा प्रश्न असतो, ‘या थेरपीने फरक पडेल ना?’ फरक म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवल्याशिवाय या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता येत नाही, आणि गेल्या चार दशकांतील संशोधनही पुन्हापुन्हा याच ठिकाणी येऊन थांबलेले दिसते.

१९८४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. आठवड्यातून दोनदा, असे २४ आठवडे उपचार घेतलेला गट आणि उपचार न घेतलेला गट यांच्यात तिला फरक आढळला नाही, आणि त्या निष्कर्षाची सावली आमच्या व्यवसायावर पुढे बरीच वर्षे राहिली. त्या चाचणीतील अनेक रुग्णांना ठरलेल्यापेक्षा बरेच कमी तास उपचार मिळाले होते, ही गोष्ट मात्र त्या मानाने कमी लोकांपर्यंत पोहोचली. पुढे २०१६ मध्ये कोक्रेन या संस्थेने ५७ चाचण्यांचा आणि त्यांतील ३००२ रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा उपचार न घेण्याच्या तुलनेत उपचारांमुळे दैनंदिन संवाद, वाचून समजणे आणि लेखन यांत फायदा होतो, असे दिसून आले. २०२२ मध्ये २५ चाचण्यांतील ९५९ रुग्णांची माहिती व्यक्तिनिहाय एकत्र करून झालेल्या अभ्यासात सर्वाधिक प्रगती एकूण २० ते ५० तासांच्या उपचारांशी निगडित असल्याचे आढळले.

हा आकडा आपल्याकडच्या परिस्थितीशी ताडून पाहिला की मन अस्वस्थ होते. तालुक्याच्या गावाहून शहरात येणारा रुग्ण, सोबत रजा काढून आलेला मुलगा, आणि पंधरवड्यातून एकदा मिळणारी पाऊण तासाची वेळ, या हिशेबाने २० तास भरायला वर्षाहून अधिक काळ लागतो. त्याआधीच बहुतेक कुटुंबे येणे थांबवतात आणि ‘थेरपीचा उपयोग झाला नाही’ असे म्हणतात. त्यांना दोष देता येणार नाही, पण जो उपचार त्यांना मिळाला त्याची मात्राच अपुरी होती, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

तासांचा प्रश्न संगणकाने सुटेल, अशी आशा बाळगणे स्वाभाविक आहे. ब्रिटनमधील ‘बिग कॅक्टस’ ही चाचणी नेमकी यासाठीच झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षाघात होऊन किमान चार महिने उलटलेले २७८ रुग्ण तिच्यात होते. उपचारगटातील प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यात महत्त्वाचे असलेले १०० शब्द निवडले आणि सहा महिने घरी संगणकावर, सहायकांच्या किंवा स्वयंसेवकांच्या मदतीने, त्यांचा सराव केला. तुलनेसाठी एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले आणि दुसऱ्या गटाला त्यांच्याबरोबर शब्दकोड्यांसारखी पुस्तके आणि नियमित फोन. सराव केलेल्या शब्दांच्या बाबतीत उपचारगटाची प्रगती नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा १६.२ टक्क्यांनी अधिक होती, आणि जुन्या वाचाघातात हे घडणे मला अतिशय मोलाचे वाटते. मात्र या रुग्णांचे प्रत्यक्ष संभाषण चित्रित करून तपासले, तेव्हा त्यात सुधारणा आढळली नाही. चित्र पाहून ‘नातू’ म्हणता येऊ लागलेल्या माणसाला संध्याकाळी नातू समोर आला असता त्याच्याशी चार वाक्ये बोलता येतीलच, असे नाही.

मी हा निष्कर्ष उपचारांविरुद्धचा पुरावा मानत नाही. ज्याचा सराव केला ते सुधारले आणि ज्याचा सराव केला नाही ते सुधारले नाही, असा त्याचा सरळ अर्थ मला लागतो. संशोधकांनी दोन्ही गोष्टी मोजल्या, म्हणून आपल्याला हे कळले. केवळ शब्दांची चाचणी घेतली असती, तर सगळीकडे यशाचीच नोंद झाली असती.

जर्मनीतील १९ केंद्रांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोजमापाची निवडच वेगळी होती. सहा महिन्यांहून अधिक काळ वाचाघात असलेल्या १५८ रुग्णांपैकी एका गटाला तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास उपचार मिळाले आणि दुसऱ्या गटाला तीन आठवडे थांबवून ठेवण्यात आले. फायदा झाला की नाही, हे मुख्यतः दैनंदिन प्रसंगांवर आधारलेल्या एका चाचणीने ठरवले गेले. त्या चाचणीत रुग्णाला डाग पडलेला, इस्त्रीने भाजलेला शर्ट दाखवतात आणि विचारतात, ‘तुमचा शर्ट लॉन्ड्रीतून असा परत आला आहे, तुम्ही काय म्हणाल?’ व्याकरण चुकले तरी चालेल, तक्रार दुकानदारापर्यंत पोहोचली की गुण मिळतात. या मोजपट्टीवर उपचार घेतलेल्या गटात प्रगती झाली, थांबलेल्या गटात झाली नाही, आणि सहा महिन्यांनंतरही ती प्रगती टिकून होती.

तरीही हे सारे रुग्णाला सुधारण्याविषयीच झाले. टोरांटोमध्ये ऑरा केगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आकाराने लहान आहे, परंतु माझ्या रोजच्या कामावर त्याचा जेवढा परिणाम झाला तेवढा मोठ्या चाचण्यांचाही झालेला नाही. त्यांनी ४० स्वयंसेवकांपैकी २० जणांना वाचाघात असलेल्या व्यक्तीशी कसे बोलावे याचे प्रशिक्षण दिले. महत्त्वाचा शब्द कागदावर लिहून समोर ठेवणे, हो-नाहीने उत्तर देता येईल असा प्रश्न विचारणे, चित्र काढणे, आपल्याला जे समजले ते पुन्हा उच्चारून खातरी करून घेणे आणि मुख्य म्हणजे ‘तुम्हाला हे ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे’ असे मोकळेपणाने सांगणे, एवढ्याच या गोष्टी. प्रशिक्षित स्वयंसेवकांशी बोलताना रुग्णांचाही सहभाग वाढला आणि निरोप अधिक चांगल्या प्रकारे पोहोचू लागला. रुग्णांना स्वतःला कोणतेही प्रशिक्षण मिळालेले नव्हते.

आपल्या घरांत नेमके याच्या उलट घडताना मी पाहते. पाहुणे आले की तीस वर्षे शाळेत शिकवलेल्या आजोबांसमोर पेला धरून ‘हे काय आहे, सांगा बघू’ असे विचारले जाते आणि उत्तर आले की टाळ्या वाजतात. यामागे प्रेम आणि काळजीच असते. परंतु त्या क्षणी आजोबांना पेल्याविषयी काहीही सांगायचे नसते. त्यांना शेताच्या वाटणीविषयी किंवा सुनेच्या नोकरीविषयी काही म्हणायचे असते, आणि ते विचारायचे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून आता मी पहिल्या काही भेटींतला मोठा भाग घरच्यांना शिकवण्यात घालवते. काहींना ते उपचारासारखे वाटत नाही, हेही खरे.

मराठीपुरती एक अडचण मला विशेष जाचते. शब्द आठवण्याची क्षमता तपासण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या बोस्टन नेमिंग टेस्टमध्ये ६० रेखाचित्रे आहेत आणि त्यांत इग्लू, बीव्हर, प्रेट्झेल यांचाही समावेश आहे. नगर किंवा लातूर जिल्ह्यातल्या शेतकरी बाईंना प्रेट्झेल ओळखता आला नाही, तर त्यातून वाचाघाताविषयी काहीही सिद्ध होत नाही. अशा ठिकाणी चित्रे बदलता येतात. दैनंदिन प्रसंगांची चाचणी मात्र केवळ भाषांतराने आपली होणार नाही, कारण प्रसंगच आपले हवेत. रेशन दुकानदाराने माप कमी दिले, एसटीत आपल्या आरक्षित जागेवर कोणी बसले आहे, बँकेत पासबुक भरून मिळत नाही, दवाखान्यात ‘गोळ्यांनी पोट बिघडते’ हे सांगायचे आहे, लग्नाचे आमंत्रण द्यायला आलेल्यांना ‘येऊ शकणार नाही’ असे मानाने कळवायचे आहे. शेवटच्या प्रसंगात ‘तुम्ही’ऐवजी ‘तू’ निघून गेला तर निरोप पोहोचला म्हणायचे की नाही, हे परदेशी चाचणी आपल्याला सांगू शकणार नाही. ते मराठी बोलणाऱ्यांनीच ठरवावे लागेल.

अशा प्रसंगांची यादी मी माझ्या कामातून जमवत आहे. तुमच्या घरी वाचाघात असलेली व्यक्ती असेल, तर मागच्या आठवड्यात तिला काय सांगायचे होते आणि ते कुठे अडले, एवढेच नाव-गाव न देता मला लिहून कळवा. प्रमाणित चाचणी तयार व्हायला बऱ्याच जणांचे काम आणि बराच काळ लागेल, परंतु तिच्यात कोणते प्रश्न असावेत हे ठरवण्याचा पहिला अधिकार या घरांचा आहे.