बरणी तिला दिली कोणी?

आज संध्याकाळी नऊ वर्षांच्या भाचीला पँडोराची, म्हणजे ग्रीक पुराणातील पहिल्या स्त्रीची, कथा वाचून दाखवत होते. झाकण उघडताच साऱ्या व्याधी जगभर पसरल्या, या वाक्यावर तिने पानावर बोट ठेवून मला थांबवले आणि विचारले, “पण ती बरणी तिला दिली कोणी?”

मी खरोखरच निरुत्तर झाले. इसवी सनापूर्वी 700 च्या सुमारास ग्रीक कवी हेसिअडने लिहिलेल्या काव्यात पँडोरा घडवली जाते तीच मुळी प्रोमिथियसने देवांकडून अग्नी चोरून माणसांना दिला म्हणून मानवांना शिक्षा देण्यासाठी; म्हणजे कट देवांचा राजा झ्यूस याचा, चोरी प्रोमिथियसची आणि दोष मात्र तिच्या माथी. (तिथे ‘पँडोराची पेटी’ नाही, मातीचा रांजण आहे, पेटी सोळाव्या शतकात डच विद्वान इरॅस्मसच्या लॅटिन अनुवादातून रूढ झाली.) रोमन कवी ओव्हिडच्या काव्यातील मेडुसा या तरुणीचेही तेच: अत्याचार करतो समुद्रदेव, आणि केसांचे साप होतात तिच्या.

अत्याचाराची बातमी ऐकताच “ती तिथे गेलीच कशाला?” असे विचारणारी माणसे या कथा वाचलेली असतीलच असे नाही, पण त्यांच्या प्रश्नाचा साचा मला तोच वाटतो.

भाचीने उत्तराची वाट पाहिली आणि मग स्वतःच पान उलटून मागे गेली, झ्यूस कुठे आहे ते शोधायला.