आमची वाटचाल : हिवाळ्याची डबी, उन्हाळ्याची डबी

मे महिन्यातली दुपार होती. पुण्याहून एका बाईंचा फोन आला. चिडल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, पण त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "ताई, डबी अर्धीच भरलीय तुम्ही. आणि आत नुसतं तेल आहे."

मी ती डबी काठोकाठ भरली होती. वरून चमच्याने भोवरा काढला होता. त्वचेला लावायचं ते पांढरंशुभ्र, चक्क्यासारखं दिसणारं बटर बघून मला स्वतःलाच बरं वाटलं होतं. 200 मिलीच्या डबीत 100 ग्रॅम माल होता. फेटलेल्या बटरचं असंच असतं, जवळजवळ निम्मी जागा हवेची असते. कुरिअरच्या गोदामात आणि गाडीत ते दोन दिवस तापलं, वितळलं, हवा निघून गेली आणि उरलेलं तेल तळाशी जमलं. वजनात काही कमी नव्हतं, पण हे त्या बाईंना कसं पटावं? मी पैसे परत केले. त्या महिन्यात अशा 23 डब्यांचे पैसे परत केले.

आमच्या धंद्याची खरी सुरुवात मी त्या फोनपासून धरते. त्याआधीची दोन वर्षं नुसती शिकण्यात गेली.

मी लग्नानंतर सात वर्षं टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला होते. दिवसभर सुती टॉवेलच्या घड्या घालायच्या आणि सुटे धागे कापायचे. सूत हाताचा ओलावा ओढून घेतं. डिसेंबर-जानेवारीत बोटांची टोकं फुटायची आणि भाकरी थापताना पिठातलं मीठ त्या भेगांत झोंबायचं. घरी सासूबाई विड्या वळायच्या. तेंदूपत्ता आणि तंबाखूने त्यांचे तळवे कायम कोरडे, रंग बदललेले. त्यांचा उपाय जुना होता : शंभर वेळा धुतलेलं तूप. तांब्याच्या परातीत साजूक तूप घ्यायचं, पाणी घालून तळहाताने फेसायचं, ते पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी. शंभर पाण्यांनंतर तूप पांढरं आणि हलकं होतं, त्याचा तुपकट वासही जातो. आयुर्वेदात त्याला शतधौत घृत म्हणतात. वर्षातून एकदा त्या ते करायच्या आणि गल्लीत वाटून टाकायच्या.

नणंदेने मुंबईहून शिया बटरची एक डबी आणली, तेव्हा झाकण उघडून सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "हे तर आपलं धुतलेलं तूपच की." तसं ते नव्हतं, पण फेटून हवा भरायची युक्ती त्यांनी बरोबर ओळखली. डबीची किंमत बघून मी गप्प बसले. आत काय आहे ते मात्र लेबलवरून वहीत उतरवून घेतलं.

शियाचं झाड पश्चिम आफ्रिकेतलं. घाना, बुर्किना फासो, माली, नायजेरिया असा तो पट्टा आहे. फळ धरायला झाडाला 15 ते 20 वर्षं लागतात. खाली पडलेली फळं बायका वेचतात, बिया उकळतात, वाळवतात, फोडतात, आतला गर भाजून दळतात आणि तो लगदा पाणी घालून हाताने घुसळतात, तेव्हा चरबी वर तरंगते. हे वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे लोणीच काढतात बाया." मला ते वाक्य फार आवडलं होतं. पुढे कळलं की शिया, आपला मोह आणि आपला चिकू ही तिन्ही झाडं एकाच कुळातली आहेत.

पहिला प्रयोग स्वयंपाकघरात. 200 ग्रॅम शिया, 100 ग्रॅम खोबरेल, पातेल्यात गरम पाणी आणि वर स्टीलचं भांडं. वितळवून ओट्यावर तसंच ठेवलं आणि सकाळी फेटलं. दिसायला छान, पण हातावर घेतलं तर रव्यासारखे कण. आपल्याकडे तूप रवाळ झालं की करणारीचं कौतुक होतं. बटर रवाळ झालं तर गिऱ्हाईक म्हणतं खराब आहे. खराब नसतंच ते. शियात वेगवेगळ्या तापमानाला गोठणाऱ्या चरब्या असतात. हळूहळू निवत गेलं की जड चरबी आधी गोठते आणि तिचे दाणे बनतात. उपाय म्हणजे पूर्ण वितळवायचं आणि झटकन थंड करायचं. आम्ही आता भांडं बर्फाच्या पाण्यात धरून हलवत राहतो, मग फ्रीजमध्ये ठेवतो. कडेने पांढरं झालं, मध्ये बोट दाबल्यावर श्रीखंडाच्या चक्क्यासारखा खळगा राहिला की फेटायची वेळ. त्याआधी फेटलं तर हवा धरत नाही, उशीर झाला तर गुठळ्या होतात. हँड मिक्सर चार-पाच मिनिटं चालवायचा, कडा खरवडायच्या, दहा मिनिटं पुन्हा फ्रीजमध्ये, पुन्हा फेटायचं. आमच्याकडे कामाला असलेल्या दोघी आता भांड्याच्या आवाजावरून सांगतात झालं की नाही. मला अजून बोट लावावं लागतं.

तेलात मी एक चूक हौसेने केली. करडई आपल्या मातीतलं पीक, तेव्हा घाण्यावरचं करडईचं तेल घालायचं असं ठरवलं. त्वचेला ते हलकं लागतं, छान मुरतं. तीन महिन्यांनी डबी उघडली तर जुन्या फराळाच्या डब्यासारखा वास. करडई लवकर खवट होते. व्हिटॅमिन ई घातल्याने ते थोडं लांबतं, थांबत नाही. शेवटी तिळाच्या तेलावर आले, तीळ मुळातच जास्त टिकतो. इथे एक गोष्ट सगळ्यांना सांगते, कारण घरी करणाऱ्या बऱ्याच जणी व्हिटॅमिन ईला प्रिझर्व्हेटिव्ह समजतात. बुरशीवर त्याचा काही उपयोग नाही. या बटरमध्ये पाण्याचा थेंबही नसतो, म्हणून ते प्रिझर्व्हेटिव्हशिवाय टिकतं. ओलं बोट घातलं, भांड्याला वाफेचं पाणी राहिलं, की ते संरक्षण गेलं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आलं की आम्ही सगळी भांडी घासून गच्चीवर सोलापूरच्या उन्हात वाळवतो आणि वापरण्याआधी स्पिरिटने पुसतो.

गल्लीतल्या एका अक्कांनी मला आरारूट घालायला लावलं. अक्का सासूबाईंच्या मैत्रीण, आयुष्यभर विड्या वळलेल्या. पहिली डबी दिली तर दुसऱ्या दिवशी परत घेऊन आल्या. "हातावर तेल राहिलं की पान सरकतं गं. दिवसाकाठी हजार विड्या वळायच्यात मला." आरारूटने तेलकटपणा बराच कमी होतो. तरी आम्ही अक्कांना रात्री लावायला सांगितलं : हात धुवायचे, अर्धवट पुसायचे, ओलसर असतानाच वाटाण्याएवढं चोळायचं. बटर स्वतः ओलावा देत नाही, असलेला ओलावा अडवून धरतं. कोरड्याठक्क हातावर कितीही थापलं तरी नुसती चकाकी येते. पंधरा दिवसांनी अक्कांनी तळहात दाखवले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे विकावं.

हिवाळ्याचं आमचं प्रमाण आजही तेव्हाचंच आहे. 100 ग्रॅमला शिया 75, तिळाचं तेल 20, आरारूट 4, व्हिटॅमिन ई अर्धा ग्रॅम आणि सुगंधी तेल अर्धा ग्रॅम. सुगंधी तेल मिश्रण कोमट झाल्यावरच घालतो. लिंबाच्या सालीचं तेल लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते, म्हणून आमच्याकडे ते नाही, कितीही मागणी आली तरी.

पहिलं वर्ष ओळखीत विक्री झाली. परवाना लागतो हे मला माहीत नव्हतं आणि ही माझीच चूक. सौंदर्यप्रसाधनं बनवून विकायची तर सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 खाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना घ्यावा लागतो, आणि बनवायची जागा राहत्या घराशी जोडलेली चालत नाही. हे कळल्यावर पाच महिने विक्री बंद ठेवली. बचत गटातून कर्ज काढलं, दिराच्या मोकळ्या गाळ्याला फरशा लावल्या, धुता येतील अशा भिंती केल्या, दारं-खिडक्यांना जाळ्या बसवल्या. परवाना हातात आला त्या संध्याकाळी सासूबाईंनी गाळ्यात दिवा लावला. आता प्रत्येक डबीवर बॅच नंबर आणि तारीख असते, आणि वजन ग्रॅममध्ये. फेटलेल्या मालाला मिलीची भाषा लावणं मला पटत नाही.

संक्रांतीने आम्हाला उभं केलं. थंडीचा कडाका, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आणि घरोघरची हळदीकुंकवं एकाच वेळी येतात. एका बाईंनी वाणासाठी 20 ग्रॅमच्या पन्नास डब्या मागितल्या. त्या पन्नास घरांतून पुढच्या ऑर्डरी आल्या. दुसऱ्या वर्षी जानेवारीत आम्ही 1,100 छोट्या डब्या भरल्या. त्याच जोरावर ऑनलाइन विक्री सुरू केली, कुरिअर लावलं आणि मे महिना आला.

शिया साधारण 32 ते 38 अंशांच्या मध्ये वितळतं. खोबरेल तर 24-25 लाच. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा 40 च्या वर असतो, 43-44 ही आम्हाला नवीन नाही. हे आकडे मला तोंडपाठ होते आणि तरीही मी फेटलेलं बटर बंद डब्यातून पाठवलं. दोन वर्षं मी कण घालवायला झटत होते, आणि ऊन माझ्या हिशेबात कुठेच नव्हतं.

मग एक उन्हाळा फक्त नमुने केले. उन्हात घट्ट राहावं म्हणून मेण जास्त घातलं की हातावर चिकट थर बसायचा, कमी घातलं की दुपारी पाझरायचं. उत्तर मिळालं कोकणातून. नणंदेच्या सासरी, सावंतवाडीकडे, कोकमाच्या बियांचं तेल काढतात आणि त्याचे मुठीत वळलेले गोळे टाचांच्या भेगांना लावतात. कोकमचं तेल सुमारे 38 ते 42 अंशांपर्यंत घट्ट राहतं आणि हातावर चिकटत नाही. शिया 35, कोकम 35, तिळाचं तेल 15, मधमाशांचं मेण 15. न फेटता पत्र्याच्या चपट्या डबीत ओतायचं. दिसायला ते बाम, त्यावर ना लाट ना भोवरा. पहिला नमुना गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तीन दुपारी ठेवला. मऊ झाला, पण वाहिला नाही.

तेव्हापासून फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही फेटणं बंद करतो आणि ऑक्टोबर संपता संपता पुन्हा सुरू करतो. मधल्या काळात फेटलेली डबी कुणी कितीही मागितली तरी कुरिअरने जात नाही. नवी पेठेतल्या एका दुकानदारांनी यावरून आमचा माल ठेवणंच सोडलं, कारण गिऱ्हाइकाला तीच पांढरी फुललेली डबी हवी असते. मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण अर्धी डबी हातात घेऊन उभं राहिलेलं माणूस मला पुन्हा नको.

आणि रक्त येणाऱ्या भेगा, मधुमेह्यांचे पाय, खाज सुटणारे चट्टे यांच्यासाठी आम्ही विकत नाही. आधी डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगतो. अक्कांनी सुद्धा एकदा यावरून माझ्याशी भांडण काढलं होतं. मी डबी दिली नाही, दवाखान्यात घेऊन गेले.

सध्या मोहाच्या बियांच्या तेलावर काम चालू आहे. चिकू-शियाच्या कुळातलं, आपल्याच राज्यात मिळणारं आणि थंडीत थिजणारं. हिवाळ्याच्या डबीतला थोडा शिया काढून त्या जागी ते बसतंय का, हे बघायचंय. वास उग्र आहे, त्यावर अजून तोड सापडलेली नाही. तीन नमुने गाळ्याच्या पश्चिमेकडच्या खिडकीत ठेवलेत, तारीख लिहून. मे संपल्यावर उघडू.