जिगजिगाचा घोडेस्वार

अदिस अबाबाचे तीन दिवस सोडूनच देते. मला जायचं होतं जिगजिगाला, इथिओपियाच्या सोमाली प्रांतातल्या एका पुतळ्यासाठी. घोड्यावर बसलेले सय्यद मोहम्मद अब्दुल्ले हसन, इंग्रजांशी लढलेले सोमाली धर्मगुरू. इंग्रज ज्यांना 'वेडा मुल्ला' म्हणून हिणवत राहिले आणि १८९९ पासून वीस वर्षं ज्यांना पकडू शकले नाहीत, ते.

त्यांनी इंग्रजांना लिहिलेल्या एका पत्रामुळे मी या माणसाच्या प्रेमात पडले. माझ्याकडे शेती नाही, घरं नाहीत, चांदी-सोनं नाही. माझ्या मुलखात दगड आहेत, वारुळं आहेत, ऊन कडक आहे, अशा अर्थाचं. शिवाय ते कवी. १९१३ साली दुल मदोबाच्या लढाईत कॉर्फील्ड हा इंग्रज अधिकारी पडला, तर त्यावर रचलेली त्यांची कविता अजून लोकांच्या तोंडी आहे. १९०० साली त्यांच्या दरवेशांनी (त्यांच्या लढवय्या अनुयायांनी) जिगजिगाजवळच्या इथिओपियन छावणीवरच हल्ला केला होता, आणि आज त्यांचा पुतळा उभा आहे तो त्याच देशात. मी तासभर तिथे होते. पोरं फोटो काढायला सांगत होती, मी काढत होते.

वजालेची सीमा, धूळ, मग सोमालीलँडची राजधानी हर्गेसा. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या बर्बेऱ्याला जायला गाडी केली. ड्रायव्हर साठी ओलांडलेले, मी त्यांना काकाच म्हणू लागले. वाटेत चहा झाला, बजिये झाले (आपली भजीच, चवळीची), आणि मी उत्साहाने पुतळ्याची गोष्ट काढली. केवढा मोठा माणूस, वगैरे.

काका बोलेनात. मला वाटलं, माझं इंग्रजी कळलं नसेल. बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्याच्या माणसांनी माझ्या पणजोबांचे उंट हाकून नेले. दोन भाऊ मारले. पणजी चालत बर्बेऱ्याला आली."

१९१० साली इंग्रजांनी फौज किनाऱ्यावर मागे घेतली, आतल्या कबिल्यांच्या हातात बंदुका दिल्या आणि त्यांना वाऱ्यावर सोडलं. पुढे सोमालींनीच सोमालींना मारलं, उपासमार झाली. हे मी वाचलं होतं. वाचूनही माझ्या डोक्यात घोडेस्वारच राहिला होता, उंट हाकून नेलेलं घर नाही. मला फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, स्वतःचाच.

काका म्हणाले, "तुमच्याकडचे शिपाईही आले होते की." खरं होतं. १९०३ साली बिकानेरचं उंटदळ इथे लढलं, १९२० च्या मोहिमेत १०१ ग्रेनेडियर्स होते. हा मुलूख १८९८ पर्यंत एडनमार्फत मुंबई इलाख्याच्याच कारभारात होता आणि १९४१ पर्यंत इथे रुपया चालायचा. काकांचे आजोबा रुपयांत हिशेब करत. मी स्वतःला परकी पाहुणी समजत होते, तेवढी परकी नव्हते.

बर्बेरा बघितलं. उकाडा असह्य.

परतल्यावर संध्याकाळी हर्गेसाच्या मिग विमानाच्या स्मारकापाशी थांबलो. १९८८ साली स्वतःच्याच, म्हणजे तेव्हाच्या सोमालियाच्या सरकारने या शहरावर बॉम्ब टाकले, त्याचं हे स्मारक. १९२० च्या सुरुवातीला इंग्रजांनी बारा विमानं आणून दरवेशांच्या किल्ल्यांवर बॉम्ब टाकले होते. सय्यद निसटले, आणि त्याच डिसेंबरात इमी इथे इन्फ्लुएंझाने गेले. मी हे सांगत होते, काका विमानाकडे बघत ऐकत होते. '८८ मध्ये ते इथेच होते. त्याबद्दल मी काही विचारलं नाही.

पैसे देताना ते म्हणाले, "तो फोटो दाखवा." पुतळ्याचा. मी फोन दिला. त्यांनी बोटांनी चित्र मोठं केलं, स्वाराचा चेहरा बाजूला सरकवला, घोड्याच्या मानेवर थांबले.

"घोडा चांगला केलाय," म्हणाले, आणि फोन परत दिला.